पाहिलं कोण?

अड्यारला आमच्या गल्लीत एक बाई इंटरनेट कॅफे चालवायच्या. जोडीला जुना एसटीडी बूथ. मूळच्या तंजावरच्या मराठी. दुपारभर पंख्याखाली डोळे अर्धे मिटून बसायच्या आणि झोपेतल्यासारख्या सावकाश बोलायच्या. मला ती सुस्ती खटकायची. मी चळवळीची पत्रकं वाटत वाढले होते. बातमी कळली की पसरवायची, एवढंच मला ठाऊक.

एका दुपारी ऑर्कुटवर वाचलं, की गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात विषारी वायू सुटलाय, माणसं रस्त्यात पडताहेत. माझा भाऊ तिथेच कामाला. त्याचा मोबाइल बंद. दिसेल त्या ओळखीच्याला मी ते पाठवत सुटले.

"उगी बैस मा," त्या म्हणाल्या. "पाहिलं कोण?"

"सगळे लिहिताहेत!"

"लिहू देत. पाहिलं कोण?"

शहरभरच्या बूथवाल्यांचे नंबर त्यांना पाठ होते. एक फिरवून, तमिळमध्ये दोन शब्द बोलून त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. कारखान्याच्या फाटकासमोरचा बूथवाला हसत होता. "वायू? इथे फक्त शेजारच्या भज्यांचा धूर आहे, अम्मा!" त्याच्यामागे बसचा हॉर्न, सायकलींच्या घंट्या, पाळी सुटून घरी निघालेल्या माणसांची बडबड. डोळे मिटून मी ते कितीतरी वेळ ऐकत राहिले.

त्यांनी माझी खुर्ची पुन्हा संगणकाकडे वळवली. "आता जितक्यांला भेव घातलंस, तितक्यांला सांग."

पहिलं नाव भावाच्या कारखान्यातल्या सोबत्याच्या बायकोचं होतं. तिचं उत्तर आधीच येऊन पडलं होतं: "ताई, मी आता काय करू?"