अप्पांचं दुपारचं ताट

माझे सासरे, अप्पा, दूध प्यायच्या आधी त्याचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेत. थेंब ओघळला तर दुधात पाणी. म्हैस घरची, धार काढणारी मी, तरीही ही तपासणी कधी चुकली नाही. एकदा चिडून मी म्हटलं, "अप्पा, घरच्या म्हशीवरसुद्धा विश्वास नाही का?" ते शांतपणे म्हणाले, "म्हशीवर हाय. बादलीवर न्हाय."

अप्पांना जाऊन आता दोन वर्षं होतील. अणदूरला त्यांचं धान्याचं दुकान होतं. पोत्याच्या वरचं धान्य ते बघतच नसत. हात कोपरापर्यंत आत घालून तळाची मूठ काढत. "वरचं दाणं दाखवायला असत्यात," म्हणत. माणसांनाही त्यांचा हाच नियम. लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर मलाही त्यांनी असंच पारखून बघितलं.

पंच्याहत्तरी उलटल्यावर अप्पा अंगणात पडले आणि खुबा मोडला. सोलापूरला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं, "हाड मी बसवलंय, पण जखम भरायची ती खाण्यानं. डाळ, दूध, दाणे पोटभर द्या. ताकद आली नाही तर हे अंथरुणातून उठायचे नाहीत."

अप्पांनी डॉक्टरांवरही संशय घेतला. डाळीनं टाके पिकतात. दाण्यांनी पित्त होतं. ताकदीच्या पावडरीचा डबा तर त्यांनी नुसता हुंगून परत केला. "ब्याड, ब्याड!" रागावले की ते 'नको'सुद्धा कानडीत म्हणत. "ह्यात अंडं हाय. लिंगपूजा करणाऱ्याला बाटवताय व्हय?" मी डब्यावरचा हिरवा ठिपका दाखवला, तर म्हणाले, "ठिपका काय, कुणीबी काढंल."

दुपारचं ताट जवळजवळ तसंच परत येई. दंडाची कातडी लोंबायला लागली, जखमेतून पाणी यायचं थांबेना. असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी मनातून पार घाबरले होते.

आणि मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझे यजमान ढोकीला साखर कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी ते घरी असले की अप्पा तीच डाळ, त्याच भांड्यातली, दोन भाकरी कुस्करून ओरपत. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. मी घरात एकटी असताना माझ्या हातचं नको, एवढाच अर्थ मला लागला आणि डोकं फिरलं.

"अप्पा, मी काय डाळीत विष कालवते का?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तसेच म्हणाले, "खाल्लं की संडासाचं भांडं लागतंय, पोरी. दिवसा घरात तू एकटी. सासऱ्याचं भांडं सुनंनं उचलायचं? त्यापरीस उपाशी बरा."

डाळ, दाणे, अंडं, सगळं निमित्त होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकं वाईट वाटलं की त्यांच्यासमोर उभं राहवेना. पण 'मी मुलीसारखीच' वगैरे सांगून पटणारा हा माणूस नव्हता. यजमान कामावरून आल्यावर त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी रातपाळी मागून घेतली आणि दिवसा ते अप्पांच्या खाटेशेजारीच झोपायला लागले.

"रातपाळी कशी काय आली?" अप्पांनी लगेच मला विचारलं.

"साहेबांनी लावली," मी ठोकून दिलं.

"सायब तुझ्या वळखीचा दिसतोय," ते म्हणाले आणि ताट पुढं ओढलं.

हळूहळू जखम सुकली, अंगावर मांस चढलं. वॉकर धरून ज्या दिवशी स्वतःचे स्वतः चालायला लागले, त्या दिवशी अप्पा सरळ अंगणातल्या संडासाकडे निघाले. मी मागोमाग. ते आत गेले आणि खाडकन कडी लावली.

"अप्पा, कडी काढा! पडलात बिडलात तर?"

"न्हाय काडत," आतून आवाज आला. "तुझा काय भरवसा? आत येशील."

मी दाराबाहेरच मटकन बसले आणि पोटभर हसले. कुणाच्या संशयाचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.