लढाईला गेलेली वरातीची घोडी

सात वाजले नव्हते तरी पत्रा तापायला लागला होता. दुष्काळातलं मे महिन्याचं ऊन उमापुरात असं उगवायचं, की रात्री ते कुठं गेलंच नव्हतं असं वाटावं. वारं होतं, पण फुफाट्यानं भरलेलं. तोंड उघडलं की दातांत कचकच. चाँदबीनं टँकरच्या दोन घागरी घोडीपुढच्या घमेल्यात ओतल्या, उरलेल्या अर्ध्या कळशीत फडकं भिजवलं आणि गुलछडीचं अंग पुसायला घेतलं. धुवायचं तर नावच नको. फडकं बरगड्यांवरून असं अडखळत चाललं होतं, जशी गेवराईच्या रस्त्यानं जीप.

घोडीनं मान वळवली आणि चाँदबीचा पदर चघळायला सुरुवात केली.

"खा. पदर खा, मग माझं डोकं खा," चाँदबी करवादली. "तेवढंच राहिलंय. बाकीचं चेअरमननं खाल्लंय."

चाँदबीच्या सासऱ्याचा टांगा होता, उमापूर ते गेवराई. जीपा आल्या, टांगा मोडला, घोडी राहिली. तिच्या पोटच्या शिंगरांना कासमनं, चाँदबीच्या नवऱ्यानं, वरातीला लावलं. कासम गेला त्याला पाच वर्षं झाली होती. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नसराईत एका नवरीच्या मामानं नाक मुरडलं होतं. विधवा बाईनं शुभकार्यात लगाम धरायचा? चाँदबी त्याला म्हणाली होती, "मामा, नवरदेव घोडीवर बसणार हाय, माझ्यावर न्हाई." तेव्हापासून अख्ख्या पंचक्रोशीत तिला कुणी नडलं नव्हतं.

गुलछडी कासमच्या हातची शेवटची. त्यानं तिला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. हलगी वाजली की नाचायचं. कानाशी फटाका फुटला तरी पाय हलवायचा नाही. आणि वाजप थांबलं, म्हणजे मांडव आला, काम संपलं. मग तोंडापुढं चारा आलाच पाहिजे. तेवढ्याच वायद्यावर ती बारा वर्षं नवरदेव वाहत आली होती.

पण यंदा नवरदेवच नव्हते. लग्नं झाली ती सामुदायिक, नाहीतर देवळात, पाच माणसांत. नवरदेव मोटारसायकलवर आले आणि तसेच गेले. कडबा मिळेना. दूध सोसायटीची चारा छावणी गावाखालीच होती, आठशे जनावरं दावणीला. पण तिथला मुकादम आप्पा दारातूनच हात हलवायचा. "गाय, बैल, म्हैस. घोडं बसत न्हाई, चाँदबी. नियम हाय." शेवगावचा दलाल शुक्रवारी घोडी बघायला येणार होता. बघायला म्हणजे न्यायलाच.

अशात सुंदररावांना लढाईचं वेड लागलं.

सुंदरराव दूध सोसायटीचे चेअरमन. बीडच्या एका कॉलेजात राधाकिशन सर म्हणून इतिहास शिकवायचे. त्यांचं एक मंडळ होतं. चांगली शिकलेली, नोकरीधंद्याची माणसं सुट्टीच्या दिवशी अंगरखे घालून, ढाली घेऊन जुन्या लढाया पुन्हा लढायची. पेशव्यांची आणि निजामाची राक्षसभुवनची लढाई झाली त्याला यंदा अडीचशे वर्षं, असं सरांनी सुंदररावांना सांगितलं आणि सुंदरराव पेटले. लढाई झाली होती गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी. पण सोसायटीची छावणी उमापूरला, म्हणून लढाईही उमापूरला. लढाई झाली होती ऑगस्टात. पण ऑगस्टात पाऊस पडला तर माणसं शेतात आणि न पडला तर मोर्चात, म्हणून लढाई मे महिन्यात. तेव्हा गंगेला पूर होता. इथं गावाखालचा पाझर तलाव भेगाळून पडला होता. त्यात चुन्यानं दोन रेघा मारल्या आणि मधल्या जागेला गंगा म्हणायचं ठरलं.

मराठ्यांचा सरदार अर्थातच सुंदरराव. "भाभी, घोडी तुमची पाहिजे," ते स्वतः दारात येऊन बोलले होते. "लढाई नीट झाली की सोसायटीकडून रोज चार पेंढ्या कडबा. पाऊस पडस्तोवर. माझा शब्द."

चार पेंढ्या म्हणजे गुलछडी जगत होती. शुक्रवारच्या दलालाला दारातूनच परत लावता येत होतं. चाँदबीनं खाली मान घालून हो म्हटलं होतं आणि त्या दिवसापासून ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती.

नऊ वाजता ती घोडी घेऊन तळ्यात उतरली तर तिथं आधीच बाजार भरलेला. राधाकिशन सर डोक्याला पागोटं गुंडाळून, हातात कागद घेऊन घामानं निथळत होते.

"बाई, हे आरसे काढा. गोंडे काढा. त्या काळी असं नव्हतं."

"काढलं."

"पायातले घुंगरू?"

"काढते की. घोडीची कातडी पण काढू का? त्या काळची न्हाई, इथलीच हाय."

सरांनी कागदात डोकं घातलं, कारण पलीकडून सुंदरराव काळा गॉगल लावून येत होते आणि गॉगल त्या काळी नव्हता हे चेअरमनला सांगायची सरांची छाती नव्हती.

निजामाकडून लढायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी सोसायटीनंच निकाल लावला होता: ज्यांच्या दुधाला फॅट कमी, ते निजामाकडं. त्यामुळं ते पन्नास जण तोंड पाडून हिरवे फेटे बांधत होते.

"माझ्या म्हशीला खायलाच न्हाई तर फॅट कुठून येईल?" बद्रीनाथ नावाचा एक जण कण्हत होता. "आणि वरून मरायचं बी मीच!"

"मरावं लागेल," सर म्हणाले. "पन्नासच्या पन्नास पडले पाहिजेत."

"सर, ढेकळं कसली तापलीत बघा. मेलेला माणूस उठून बसंल!"

चाँदबीचं लक्ष तिकडं नव्हतं. बांधावर सुग्रीव आणि त्याचं हलगी पथक हलग्या शेकत बसलं होतं. हाच सुग्रीव गेली दहा वर्षं गुलछडीपुढं वरातीत वाजवत होता.

"सुग्रीव, तू इथं कशाला आलास?"

"लढाईची सुपारी हाय, चाची."

"वाजवू नको. ही नाचायला लागंल."

"मग चेअरमनला सांगा. मला वाजव म्हणलेत, मी वाजवणार."

ती सुंदररावांकडं गेली. "साहेब, हलगी नका लावू. घोडीला एकच अर्थ कळतो तिचा."

"घोडीला काय कळतंय, भाभी?"

"इथं तिलाच कळतंय. बाकी कुणाला न्हाई."

सुंदरराव हसले आणि रिकिबीत पाय घालून वर चढले. दोन माणसांनी खालून लोटलं. गुलछडीची पाठ अशी लवली, की चाँदबीनं डोळे मिटून घेतले. मग ती सरांकडं गेली. सर म्हणाले, रणवाद्यं तर इतिहासात आहेतच. तिनं सांगायचं तितकं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेली तेव्हा सरांच्या मंडळातल्या एका पोरगेल्या मावळ्यानं तिला चुन्याच्या रेघेबाहेर उभं राहायला सांगितलं, कारण तिची साडी त्या काळची नव्हती.

बांधावर सगळं गाव, बीडहून आलेले तीन पत्रकार, एक कॅमेरावाला. सरांनी शिटी फुंकली. सुंदररावांनी तलवार उपसली. "हर हर महादेव!" आणि सुग्रीवनं हलगीवर टिपरू टाकलं.

गुलछडीचे कान उभे राहिले. चार महिन्यांनी तिला काम मिळालं होतं. तिनं पुढचा उजवा पाय उचलला, हवेत धरला, टेकवला. मग डावा. मग मान वाकवून जागच्या जागी असा ठेका धरला, की सुंदररावांची तलवार वर आणि ढेरी खाली, अशी दोन्ही वेगवेगळ्या तालात उडायला लागली.

"चल! चल की गं!" ते टाचा मारत होते. टाच बसली की घोडी गिरकी घ्यायची. तेही कासमनंच शिकवलेलं.

बांधावरून कुणीतरी ओरडलं, "नवरी कुठाय, चेअरमन?" एक म्हातारी बोटं कानशिलावर मोडून मोकळी झाली. निजामाचं सैन्य मरायचं सोडून पोट धरून बसलं. सर कागद फडकावत ओरडत होते, "आक्रमण! आक्रमण!" सुतळी बॉम्बच्या तोफा उडाल्या, मंडळानं आणलेले दोन घोडे दोर तोडून गावाकडं पळाले, गुलछडीचा डोळासुद्धा लवला नाही. सुंदररावांचं तोंड लालबुंद झालं होतं. "भाभी! चार पेंढ्या इसरा! एक काडी न्हाई देणार!"

ते ऐकलं आणि चाँदबीचा सगळ्या दुनियेवरचा राग उसळला. साडीचा ओचा खोचून ती चुन्याची रेघ ओलांडून, गंगेतून, दोन्ही फौजांच्या मधून पळत सुटली आणि सुग्रीवच्या हातातलं टिपरू तिनं हिसकून घेतलं.

"बंद कर बे! तीनदा सांगितलं, तीनदा! एकाला बी कान न्हाईत!"

हलगी थांबली. बाकीच्याही थांबल्या. तळं एकदम मुकं झालं.

आणि मग चाँदबीला आठवलं. पण उशीर झाला होता. वाजप थांबलं होतं, म्हणजे मांडव आला होता, आणि तोंडापुढं चारा नव्हता. गुलछडीनं नाक वर करून वारा हुंगला. छावणी निजामाच्या पाठीमागं होती.

ती निघाली ती तीरासारखी. हिरवे फेटे दोन्ही बाजूंना फेकले गेले; बद्रीनाथ तापलेल्या ढेकळांवर खरोखरचा पालथा पडला. सुंदरराव आयाळ धरून, गॉगल एका कानाला लटकलेला, "अगं ए, अगं ए" करत गेले. पण लांबून ते आरोळीसारखंच ऐकू आलं. मराठ्यांच्या फौजेला वाटलं हाच हल्ला. ती मागून धावली. गाव टाळ्या वाजवत धावलं. पत्रकार धावले.

चाँदबी धापा टाकत पोहोचली तेव्हा गुलछडी कडब्याच्या गंजीत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसून उभी होती. वर सुंदरराव. भोवती आप्पा काठी घेऊन नाचत होता, पण कॅमेरा बघून त्यानं काठी पाठीमागं लपवली. सुंदररावांनीही कॅमेरा पाहिला. गॉगल नीट केला. तलवार उंचावली.

"शत्रूची रसद काबीज!"

"पण साहेब, इतिहासात असं काही..." सर पुढं आले.

"सर, आज झालं!" आणि मग पत्रकारांकडं वळून, भाषणाच्या आवाजात, "या शूर घोडीला पाऊस पडस्तोवर रोज चार पेंढ्या. सोसायटीकडून!"

टाळ्या पडल्या. चाँदबीनं कपाळावरचा घाम पदरानं पुसला. पदर घोडीनं सकाळीच चघळून ओला केलेला.

संध्याकाळी ती छावणीवर गेली. आप्पानं गंजीतून एक पेंढी ओढली, दुसरी ओढली आणि हात झटकले.

"चार म्हणलेत. समद्या गावानं ऐकलंय."

"चार भाषणातल्या," आप्पा म्हणाला. "गंजीतल्या दोन. आणि सकाळी तिनं खाल्लं ते कुणी भरायचं?"

चाँदबीनं आठशे जनावरांच्या त्या दावणीकडं बघितलं. दोनवर घोडी मरत नव्हती. दोन पेंढ्या दलालाला परत लावायला पुरत होत्या, पण रागाला पुरत नव्हत्या. तिनं त्या डोक्यावर घेतल्या आणि घरापर्यंत चेअरमनच्या, सरांच्या आणि आप्पाच्या घराण्याचा मोठ्यानं उद्धार करत आली.

दारात तिनं पेंढी सोडली, आपटून धूळ झटकली, कडब्याची काळी पडलेली ताटं बाजूला काढली. कोयता दगडावर दोनदा घासला. गुलछडीनं पाठीमागून येऊन पदर तोंडात धरला.

"सोड," चाँदबी म्हणाली. आणि कडब्याचे तुकडे करायला बसली.