फुकटचा चारा

मटण महाग झालं म्हणून कोणी कुरकुर केली की माझं टाळकं सरकतं. चंद्रपूरला दुकानासमोर उभी राहून माणसं भाव ऐकून तोंड वाकडं करतात आणि मी मागे उभा राहून दातओठ खातो. अरे बाबांनो, स्वस्तात खाऊन राह्यले तुम्ही. पण सांगणार कोणाला? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आमचं गाव जंगलाला लागून. थोडी धानाची शेती, गावच्या तलावात मासे धरायचे आणि बायकोच्या बकऱ्या. बायकोच्या म्हणतो, कारण लग्नानंतर माहेरहून तिनं एक बकरी आणली होती, तिचाच हा सगळा वंश. धान वर्षातून एकदा घर पाहतं. बकरी मात्र अडल्या वेळी लगेच पैसा देते, म्हणून ती रोज घरचं आटोपून बकऱ्या घेऊन जंगलात जायची. उंचावरचा पाला विळ्यानं तोडून पाडायची, त्या खायच्या, आणि दिवस कलला की सगळी पलटण घरी.

मग आमच्या बाजूला वाघ फिरू लागला. शेजारच्या गावची एक बाई सरपणाला गेली ती परत आलीच नाही. त्यानंतर रोज सकाळी माझं एकच तुणतुणं, नको जाऊ. विळा कमरेला खोचत ती म्हणायची, "मंग बकऱ्याले घरी बसवून काय भात वाढू?" मी चिडायचो, ती हसायची, आणि बकऱ्या पुढे, ती मागे, अशी निघून जायची. माझे हात शेतात असायचे आणि कान जंगलाकडे. संध्याकाळी बांधावर उभं राहून वाट पाहायची, बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजल्या की मग घोटभर पाणी प्यायचं, असे माझे दिवस चालले होते. हा खर्च मटणाच्या भावात कुठे धरतात, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

एका संध्याकाळी घंट्या आल्या, ती आली नाही.

मोठा बोकड नेहमीसारखा पुढे होता. तो आला आणि सरळ पाण्यात तोंड घालून प्यायला लागला. गल्लीतल्या माणसांना हाका मारल्या, रिकामे डबे आणि थाळ्या घेतल्या आणि आम्ही निघालो. गावाच्या शिवेवर आमची मातामाय आहे, शेंदूर फासलेला दगड. मी काही फार देवाधर्माचा माणूस नाही, एरवी तिथून सायकलवरूनच हात जोडतो. त्या दिवशी मात्र ओल्या मातीत गुडघे टेकले आणि म्हणालो, "माय, तिले सुखरूप घरी येऊ दे, मोठा बोकड देतो तुले."

डबे बडवत, आरडाओरडा करत आम्ही पांदणीनं आत शिरलो. बरंच आत गेल्यावर एका मोहाच्या झाडावरून आवाज आला, "अवो, डबे वाजवनं बंद करा ना, कान फुटून राह्यले."

बायको फांदीच्या बेचक्यात बसली होती, पाय खरचटलेले, पदर फाटलेला. वानरं एकदम ओरडायला लागली, बकऱ्या उधळल्या, तशी ती सरसर झाडावर चढली होती. वाघ तिला दिसलाच नव्हता. पण खाली उतरायची छाती होईना. माझा जीव भांड्यात पडला. इतका की रडू फुटलं, आणि चारचौघांत रडायची लाज वाटली म्हणून मी तिला चप्पल कुठे हरवली यावरून रागावत रागावत घरी आणलं.

नवसाचं तिला सांगायची हिंमत झाली नाही. त्या बोकडाची आई तो जन्मल्याबरोबर मेली होती, तेव्हा हिनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी टाळत राहिलो. पायाची सूज उतरल्यावर बाईसाहेब पुन्हा विळा खोचून निघाल्या आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे घरोघर मटण शिजतं. त्याच्या आधी व्यापारी पिकअप गाडी घेऊन गावात आला. त्यानं मोठ्या बोकडाला कमरेतून उचललं, पाठीवर बोटं दाबून पाहिली, मटण किती निघेल याचा अंदाज घेतला आणि भाव सांगितला.

"एवढ्यात कसं होते जी?" बायको म्हणाली. "रोज जंगलात नेऊन चारते मी त्याले."

"बाई, जंगलातला चारा तं फुकटचा. तुमचा खर्च काय लागला?"

माणूस वाईट नव्हता. शहरातला दुकानदार जे त्याला ऐकवायचा, तेच तो आम्हाला ऐकवत होता. पण मी ताडकन उठलो. "फुकटचा? चाल माह्यासंगं, मोहाच्या झाडावर बसवतो तुले. मंग सांग फुकट का इकत. बोकड इकाचाच नाई."

"काऊन?" बायको माझ्यावरच उलटली. "माहा बोकड हाये, मी इकून राह्यली."

आता सांगणं भाग होतं. "तो मातामायले बोललो मी. तू झाडावर होती ना, त्या दिवशी."

मला वाटलं, आता ही पेटणार. पेटलीही. "मले न इचारता?" म्हणून तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग बोकडाच्या गळ्यातली दोरी बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मी बी बोलली होती. झाडावरून."

"काय बोलली?"

"कोंबडी." जरा थांबून म्हणाली, "ते लंगडी. अंडे देत नाई ना ते."

व्यापारी हसला आणि माझं तोंड पाहून गप्प झाला. मला हसू आलं नाही. वाघ खाली उभा असेल असं वाटत असतानाही या बाईनं घरातलं सगळ्यात बिनकामाचं जनावर शोधून काढलं होतं, आपल्या जिवासाठी. "लंगडी कोंबडी?" एवढंच मला विचारता आलं. "तुह्या जिवाची?"

ती बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. एकदा माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि व्यापाऱ्याकडे वळली. "याले राहू द्या, हा मातामायचा. बाकीच्या साऱ्या पाहा, कितीत घेता."

एकदम सगळ्या विकायच्या म्हटल्यावर भाव पडणारच. व्यापाऱ्यानं पडेल भाव सांगितला, आणि भाजीवालीशी मिरचीच्या वाट्यावरून भांडणारी माझी बायको नुसतं "न्या" म्हणाली. तिचा विचार बदलायच्या आत मी धावत जाऊन गाडीचं फळकं उघडलं.