आईच्या मिशा

रांगोळीतल्या आईला मिशा फुटल्या त्या माझ्यामुळे, वहिनींच्या पदरामुळे नव्हे. हे मी वर्षभर दडवलं.

गोरवा भागातल्या आमच्या कारखान्यात बारीक पावडरींवर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर चढवतात. मग पावडर ओल धरत नाही, गुठळ्या होत नाहीत. वहिनी दर दिवाळीत रांगोळीच्या प्रदर्शनात एक चेहरा काढतात. गेल्या वर्षी आमच्या आईचा काढणार होत्या. काळ्या रंगाच्या गुठळ्या होतात, ही त्यांची जुनी तक्रार. मी न विचारता काळा डबा नेला, थर चढवला आणि गुपचूप जागेवर आणून ठेवला. बक्षीस मिळालं की सांगू आणि निम्मं मागू, असा बेत.

ज्या धंद्यावर पोट भरतो त्यातलीच गोष्ट विसरलो. साध्या कणांवर हवेतली ओल बसते आणि घासून आलेली वीज तिच्यावाटे निघून जाते. थर दिलेल्या कणांवर ओल बसतच नाही, वीज मुक्काम ठोकते. त्यात वहिनींची गाळणी प्लॅस्टिकची, साडी सिंथेटिक.

दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये आईचे केस सुरेख उतरले. मग वहिनी हनुवटीकडे वाकल्या, तशी केसांतली काळी पूड उडून पदराला चिकटली. त्यांनी पदर झटकला आणि ती आईच्या ओठावर जाऊन बसली. माझ्या लगेच लक्षात आलं.

आई बघायला आली. बराच वेळ बघून म्हणाली, "हे तर माझे वडील."

सगळे हसले. वहिनींनी मला विचारलं, "भावजी, असं कसं झालं हो?"

"पदर खोचायचा ना, वहिनी."

यंदा डबे माळ्यावरून खाली आलेच नाहीत. आईनं विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "हात गेला माझा. उगाच कुणाला दाढी यायची." म्हणाल्या हसतच, पण त्यानंतर रांगोळीचं नाव काढलं नाही.

शेवटी मीच स्टुलावर चढून काळा डबा काढला. प्लॅस्टिकची पट्टी केसांवर घासली, डब्यावर धरली. पट्टीला मिशा फुटल्या. मग वहिनींना सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? आणि मी वर्षभर पदर खोचून फिरतेय."

"हो. तुमचा हात उत्तम आहे, वहिनी. चूक माझी, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा."