बाटलीतलं सूत

समईची काजळी बोटाला लागली की वडिलांची काळी चिमूट आठवते. आमचा चादरीचा माग भंगाराच्या टेम्पोत चढला, त्याच संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून कार्बन नॅनोट्यूबची बाटली घरी आणली होती. म्हटलं, "कार्बनच्या जाळीच्या पोकळ नळ्या आहेत, केसाहून हजारो पट बारीक, पोलादाहून चिवट. यांचं कापडसुद्धा विणता येईल म्हणतात." वडील ताठ बसले. "म्हंजे सूतच की! आन हिकडं." पीळ बघायला त्यांनी सवयीनं चिमूटभर घेऊन चोळलं, नुसती भुकटी. "पोरी, ह्याचा धागा कवा निघंल?" "निघेल लवकरच," मी म्हणाले. मागाच्या रिकाम्या जागेकडं बघत ते लुंगीला बोटं पुसत राहिले. आता वडील नाहीत. बाटलीत अजून भुकटीच आहे, आणि उद्या धागा निघाला तरी तो विणायला घरात कुणी नाही.