चार हजार कुळांची कार्डं

"कार्डं चालली, म्हणूनच तर तू जायचं नाही," राघवेंद्र म्हणाला.

"दादा, चालली तर जायचं, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं. पण ती चालतील असं तेव्हा कुणाला वाटलं होतं?"

प्रेमलानं वडिलांकडं, अप्पांकडं बघितलं. ते उपरण्याचं टोक चाळवत बसले होते. तुळजापुरात देवीला येणाऱ्या चार हजार कुळांचं उपाध्येपण या घराकडं. कोण कुठल्या गावचं, पणज्याचं नाव काय, सगळं जुन्या वह्यांत. वहीतलं पान सापडेपर्यंत शेजारचा पुजारी यजमानाला चहा पाजून पळवायचा.

औरंगाबादला बी.एस्सी. करताना प्रेमलानं ग्रंथालयात एक युक्ती पाहिली होती. उन्हाळाभर खपून तिनं वह्यांची कार्डं केली. काठानं भोकं, ज्या गावचं कूळ, त्या गावची ठरलेली भोकं कात्रीनं काठापर्यंत कापून उघडी केलेली. त्यांतून एकामागून एक विणायची सुई घालून गठ्ठा उचलला, की त्या गावची कार्डं तेवढी खाली गळत.

मुंबईला विद्यापीठात गणकयंत्राचा अभ्यासक्रम निघाला होता. हेच काम यंत्राकडून कसं करून घ्यायचं, ते तिथं शिकवणार होते. तिला जागा मिळाली होती. परवा सकाळी जातीनं हजर व्हायचं होतं. अप्पांची अट एकच: माझ्या वहीआधी कूळ काढून दाखव, मग जा. आज अणदूरचे हिंमतराव आले. अप्पांनी वहीचं बासन सोडलं, तोवर प्रेमलानं त्यांच्या पणज्याचं नाव वाचलंसुद्धा.

"नवरात्रात गठ्ठा कोण चालवणार?" राघवेंद्रनं विचारलं.

"तू. तासाभरात शिकवते."

"विणायची सुई घेऊन मी यजमानांपुढं बसू?"

"मग तुझी लाज झाकायला मी बसू?"

शेवटी अप्पा बोलले. "एवढं नवरात्र होऊ दे, पोरी. मुंबई कुठं पळून चालली?"

"जागा चालली, अप्पा. देवीपुढं शब्द दिला होता तुम्ही."

"देवी घेईल समजून."

प्रेमलानं सुई ट्रंकेत टाकली, कडी लावली, चपला घातल्या. सोलापूरची एस.टी. पाचला होती.

तेवढ्यात ओट्यावरून हाक आली, नळदुर्गचे गुंडाप्पा आले होते, सहकुटुंब. राघवेंद्रनं लगबगीनं गठ्ठा ओढला, आईच्या डब्यातली दुसरी सुई घेतली आणि काठावरच्या भोकांकडं बघत तसाच थांबला. कुठली भोकं कुठल्या गावाची, ते प्रेमलानं कुठंच लिहून ठेवलं नव्हतं.

"प्रेमला," तो हळूच म्हणाला, "नळदुर्गची भोकं कुठली गं?"

ती उंबरा ओलांडून, गुंडाप्पांना वाट देत, ट्रंक घेऊन स्टँडकडं निघाली.