वळणावर मागं बघायचं की नाही?

मला सायकल चालवता येत नाही. आमच्या मुलीला सायकल मी शिकवली.

यात काही चुकतंय असं मला त्या वेळी अजिबात वाटलं नाही. (आमच्या ह्यांना चहासुद्धा करता येत नाही, तरी आमटीत काय कमी पडलंय ते मला रोज शिकवतातच की!) आम्ही वडगावात राहतो; निम्मी वस्ती मराठी, निम्मी कन्नड. पुढच्या खोल्यांत साड्या विणायचे यंत्रमाग, मागच्या खोल्यांत आम्ही. दिवसभर खटक्-खटक् चालू असतं, त्यामुळं आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. प्रेमानं बोलायचं झालं तरी ओरडूनच.

तर झालं असं, की सानिकाला शाळेत सोडणारे रिक्षावाले मामा दिवाळीच्या सुट्टीत रिक्षा विकून लेकाकडं हुबळीला निघून गेले. दुसरी रिक्षा काही मिळेना. शाळा पार शेतांच्या पलीकडं. एका दुपारी जेवता जेवता ह्यांनी निकाल देऊन टाकला.

"सुट्टी संपायच्या आत पोरगी सायकलवरनं एकटी जाऊन आली तर ठीक. न्हायतर गल्लीतल्या शाळंत नाव घालूया."

सानिका सहावीत. तिच्या मैत्रिणी त्या शाळेत, खो-खोचा संघ त्या शाळेत, सगळा जीव त्या शाळेत! तिनं हातातला घास तसाच ताटात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"मी शिकवते की!" मी म्हटलं.

"तू?" सगळ्यांनी एकदम विचारलं. त्यात सानिकाचाही आवाज होता, ते मला जरा लागलं.

पण मी हटले नाही. मोबाइलवर रस्त्याच्या नियमांचे व्हिडिओ बघितले आणि सुरू केलं. डावी बाजू सोडायची नाही. मोठी गाडी आली की कडेला थांबायचं. धुक्यात घंटी वाजवत राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वळायच्या आधी हात दाखवायचा आणि मान वळवून मागं बघायचंच बघायचं! मी सायकलचा कॅरिअर धरून गल्लीतनं पळत होते, धापा टाकत होते आणि नियम सांगत होते.

"आई, सोडू नको हं!"

"न्हाय गं, धरलंय घट्ट!" मी आमच्या पायरीवर बसून ओरडले. (सोडून बराच वेळ झाला होता.)

पोरगी झकास शिकली. माझी कंबर तेवढी धरली आणि एक चप्पल गटारात गेली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग शिकवणीत आत्ती उतरल्या.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आसपासच्या सगळ्या भुताखेतांची त्यांना नावपत्त्यासकट माहिती. शाळेच्या वाटेवर जिथं उजवीकडं वळायचं, बरोबर तिथं मागाची एक बंद पडलेली शेड आहे. पत्रे गंजलेले, दाराला कुलूप, कुलपावर कोळ्याची जाळी. दिवसासुद्धा तिथनं जाताना माणूस उगीचच खोकतो.

"तिथं एक बाई कामाला हुती," आत्तींनी सानिकाला जवळ बसवून सांगितलं. "साडी निम्मी मागावर, आन् ती गेली. आता धुकं पडलं की येती आन् माग चालवती. जाणाऱ्या-येणाऱ्याला नावानं हाक मारती बघ. वळून बघितलंस की संपलं! तीन हाका झाल्याबिगर ओ द्यायची न्हाय. आन् मागं तर बघायचंच न्हाय!"

सानिका गंभीरपणे माझ्याकडं आली. "आई, तू म्हणतीस वळायच्या आधी मागं बघ. आज्जी म्हणती शेडपाशी मागं बघू नको. पण वळायचं तर शेडपाशीच हाय! मग करू काय?"

"देवाचं नाव घे आन् न बघता वळ," आतनं आत्ती ओरडल्या.

"आत्ती, न बघता वळली तर देवच भेटायला येईल!" मीही ओरडले.

दोन दिवस घरात हाच वाद. मी ठामपणे सांगितलं, "भूतबीत काही नसतं. मागं बघायचं म्हणजे बघायचं!" किती ठाम होते मी! आठवलं की आजही लाज वाटते.

सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला. उजाडला असं म्हणायचं आपलं, कारण बाहेर नुसतं दूध सांडल्यासारखं धुकं होतं. समोरच्या घराचा दिवासुद्धा दिसेना. सानिकानं शाळेच्या फाटकापर्यंत एकटीनं जाऊन यायचं, असं ठरलं होतं. ह्यांनी तिला दारातनं सोडलं आणि ते मागावर बसले. ती धुक्यात गेली, घंटीचा आवाज तेवढा राहिला, आणि माझा धीरच सुटला. मी मागच्या दारानं गुपचूप निघाले. नुकतीच डोक्यावरून न्हालेले, केस मोकळे, अंगात फिकट गाऊन. पण केस बांधायला थांबले असते तर लेक हातची गेली असती, असं वाटलं मला.

गल्ली संपली, शेतं सुरू झाली. पुढं कुठंतरी ट्रिंग्-ट्रिंग् चाललं होतं, त्याच्या मागनं मी. रस्ता पायाखाली आहे एवढंच कळत होतं. शेडजवळ आले असेन, आणि घंटी बंद झाली.

मी थांबले. कान देऊन ऐकलं.

खटक्... खटक्... खटक्...

माग! आयुष्य मागाशेजारी काढलंय, हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखते. आणि तो शेडमधनं येत होता. दाराला कुलूप तसंच. पावसाळा नसताना पत्र्यावरनं थेंब थेंब पाणी गळत होतं, आणि तेवढ्यात शेताकडनं बारीक, लांबलेला, म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"सानिकाऽऽऽ!"

जागच्या जागी खिळले मी.

"सानिकाऽऽऽ! आलीऽऽऽ! आलीऽऽऽ!"

आली? कोण आली? आणि त्याच वेळी माझ्या मानेवर ऊन ऊन श्वास लागला. कुणीतरी माझ्या अगदी मागं उभं होतं! मोठा श्वास, ओला, जवळचा.

आता वळून बघायला हवं होतं की नाही? सगळ्या गल्लीत ओरडून मी हेच शिकवलं होतं. पण माझी मान काही वळेना. आत्ती म्हणाल्या होत्या, बघितलंस की संपलं! मी डोळे घट्ट मिटले आणि जीव घेऊन पळत सुटले, तेही सरळ पुढं.

"आई!" समोरनं हाक आली. मी ओ दिली नाही. (तीन हाका व्हायच्या होत्या!)

"आई, थांब!" मी तोंड दाबून धरलं.

"आई गं, पुढं बघ!"

"ओऽऽ!" मी म्हटलं आणि कशात तरी पाय अडकून तोंडावर पडले.

शेडच्या कडेला आमच्या वडगावातले लोक मागांचं टाकाऊ सूत आणून टाकतात. तो ढीगच्या ढीग! मी त्यात डोक्यापासून पायापर्यंत बुडाले. धडपडत उठले तेव्हा केसांत सूत, गाऊनभर सूत, तोंडात सूत, दोन्ही हातांतनं पांढरे धागे लोंबतायत. आणि समोर धुक्यातनं दोन म्हाताऱ्या आल्या. त्या मला बघून जागीच थिजल्या.

"देवाऽऽ! देवाऽऽ!" त्या किंचाळल्या.

मला इतकं बरं वाटलं! देवाचं नाव घेणारी माणसं म्हणजे भुतं नक्कीच नव्हेत. मी दोन्ही हात जोडले आणि "अहो मावशी, जरा मदत करा" असं म्हणायला गेले. तोंडात सूत असल्यामुळं बाहेर एवढंच पडलं, "ऊंऽऽऽ!"

म्हाताऱ्या अशा पळाल्या, अशा पळाल्या, की एकीचं डोईवरचं गवत हवेतच राहिलं म्हणा ना!

धुक्यातनं सानिका आली. सायकल हातात धरलेली, रस्त्याच्या अगदी कडेला. तिच्या शेजारी एक म्हैस शांतपणे रवंथ करत उभी होती. मानेवरचा श्वास तिचाच.

"आई, तू मागनं आलतीस व्हय?"

"ती बाई तुला नावानं हाक मारत होती!" मी तोंडातलं सूत ओढत म्हटलं.

"मला न्हाय गं. एक म्हातारी दुसरीला सण्णक्का, सण्णक्का म्हणत हुती. दोघी बहिणी म्हैस हुडकत हुत्या. म्हैस दिसली म्हणून 'अल्ली, अल्ली' केलं त्यांनी. तिकडं हाय, तिकडं!"

मला कन्नड येतं बरं का! बाजारात भाव करण्याइतकं येतं, भांडण्याइतकं तर फारच छान येतं. पण घाबरताना माणूस आपल्या आईच्या भाषेतच घाबरतो, त्याला काय करणार? 'अल्ली' म्हणजे तिथं, हे माझ्या निपाणीच्या मराठी माहेरच्या कानांना त्या घडीला आठवलंच नाही.

"पण शेवटी देवाचा तरी धावा केला ना त्यांनी?" मी विचारलं.

"देवा न्हाय आई. देव्वा." सानिका हसू दाबत म्हणाली. "देव्वा म्हणजे भूत."

मी तिच्याकडनं वचन घेतलं की घरी एक अक्षर बोलायचं नाही. ती शाळेच्या फाटकाला हात लावून नीट परत आली. मी मागच्या दारानं शिरून पुन्हा अंघोळ केली. ह्यांनी पोरीच्या पाठीवर थाप मारली. सुटलो म्हणायच्या आत आमच्याकडं दूध घालणारी गंगव्वा धापा टाकत दारात!

"आत्तीबाई, शेडपाशी ती बाई दिसली! मी आन् माझी बहीण सण्णक्का, दोघींनी बघितली. लई उंच! पांढरीफटक! केस जमिनीपतोर! हात जोडून काय तरी मागत हुती!" (धुक्यात मी तिला ओळखलंच नव्हतं.)

"हात जोडून?" आत्ती विचारात पडल्या. "म्हंजे वळणाची हाय म्हणायची. चांगल्या घरची असणार."

(लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्तींनी माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द!)

मागाचा आवाज थांबला. हे बाहेर आले. "बास झालं. मी भूत मानत न्हाय, पण पोरीला त्या वाटंनं धाडणार न्हाय. उद्या गल्लीतल्या शाळंत नाव घालतो."

सानिकाचा चेहरा पांढरा पडला. वचन दिलेलं, त्यामुळं बोलेना. नुसते ओठ चावत होती आणि डोळे भरून आले होते. ते बघून मला माझीच चीड आली. पोरगी सगळं बरोबर करून आली होती आणि तिची शाळा माझ्यामुळं जात होती!

"ते भूत मी हुते," मी म्हटलं.

आत्तींनी कपाळावर हात मारला. "धरलं! हिला धरलं तिनं! अंगारा आणा!"

"आत्ती, धरलं न्हाय, मीच हुते!"

"असंच म्हणत्यात, धरल्यावर!" आत्तींनी अंगाऱ्याची मूठ माझ्या तोंडावर मारली. गंगव्वानं मला वरपासून खालपर्यंत निरखून बघितलं आणि ठाम मान हलवली. "छे! ही न्हवं. ती लई देखणी हुती."

शेवटी ह्यांनीच माझ्या कानामागनं पांढरा धागा ओढून काढला. "हे आमचंच टाकाऊ सूत, परवाच शेडपाशी टाकलेलं. म्हंजे तू मागनं गेलतीस. मग पोरगी एकटी गेली कुठं?"

आत्तींनी सानिकाला पुढं ओढलं.

"वळून बघितलंस तू?"

"बघितलं, आज्जी," सानिका भीत भीत म्हणाली. "वळायचं हुतं न्हवं. हात दाखवला, मागं बघितलं. म्हैस येत हुती, म्हणून उतरून कडंला थांबले. मग आई पळत आली. तिला हाका मारल्या, पण ती ओच देईना."

"आन् त्या बाईची हाक?"

"ऐकली. माझं नाव न्हवतं, म्हणून सोडून दिली."

आत्तींनी एकदा नातीकडं बघितलं, एकदा सुतातनं निघालेल्या सुनेकडं बघितलं. शेडमध्ये माग कोण चालवत होतं ते कुणी विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. (त्या शेडची वीज कधीच तोडलेली आहे. मी नंतर चौकशी केली, आणि केली नसती तर बरं झालं असतं.)

"पोरगी जाऊ दे एकटी," आत्ती लेकाला म्हणाल्या. "तिला कळतंय सगळं. ह्या बाईला मात्र त्या वाटंनं एकटी सोडायची न्हाय!"

आमच्या घरात आत्तींच्या शब्दापुढं कुणी जात नाही. सानिका रोज सायकलवरनं शाळेला जाते. परवा पालकसभा होती, तर ती मला हात धरून चालत घेऊन गेली. स्वतः गाड्यांच्या बाजूला, मी शेताच्या बाजूला.

वर्गाच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "सानिकाला एवढ्या लांबनं एकटीला पाठवता? कमाल आहे हो तुमची!"

"व्हय बाई," सानिका म्हणाली, "फक्त आईला पाठवत न्हाय आम्ही."